ओढ्यातला फेस

३ फेब्रुवारी
रोजनिशी सुरू. माझे विचार वाया जाऊ नयेत म्हणून.
लॉन्ड्री उघडण्याआधी मागच्या दारात चहा घेत उभा होतो. ओढ्यात फेस. गुडघाभर. कोण लोक आहेत हे? जनाची नाही, मनाची तरी?
दुपारी थोरल्या मेहुणीचा फोन. बायकोची ताई, मीही ताईच म्हणतो. साडू गेल्यावर खालच्या अंगाला एकटीने नर्सरी उभी केली. पाणी ओढ्याचंच. म्हणाल्या, रोपं करपताहेत, पानं खालून पिवळी पडताहेत. मी म्हटलं, ताई, निश्चिंत राहा. चोर तुमच्यासमोर उभा करतो.
संकल्प: महिन्याच्या आत ओढा आरशासारखा.

५ फेब्रुवारी
चोर जवळजवळ सापडला. वरच्या अंगाचा गॅरेजवाला. काळे हात, चेहराही तसलाच. जाऊन खडसावलं. म्हणाला, ऑइलचा कधी फेस होतो का साहेब? उद्धट. जुनं ऑइल पिंपात साठवतो म्हणे. सगळे असंच म्हणतात. वर मलाच विचारतो, तुमच्या मशीनचं पाणी कुठे जातं?
मी म्हटलं, माझं पाणी साबणाचं. साबण म्हणजे स्वच्छता.
यावर तो पाना उचलून गाडीखाली शिरला. पटलं असणार.

९ फेब्रुवारी
हॉटेलच्या चादरी आल्या. डाग भयंकर. पावडर दुप्पट, ब्लीच अंदाजाने. मोहिमेला वेळच नाही.
फेस आज पुलापर्यंत. योगायोग.
बायको मागच्या दारात उभी. आधी ओढ्याकडे बघितलं, मग ओढ्यात सुटणाऱ्या आपल्या मशीनच्या पाइपकडे, मग माझ्याकडे. काय झालं विचारलं, तर म्हणे काही नाही. हिच्या मनात काय चालतं, कळत नाही.

१२ फेब्रुवारी
गमबूट घालून पाहणी. गॅरेजच्या मागे पाणी नितळ. तळाचे दगड दिसत होते, बारके मासेसुद्धा. फेस सुरू होतो तो नेमका आपल्या भिंतीपाशी.
निष्कर्ष: चोर महाबिलंदर आहे. घाण जमिनीखालून आणून माझ्या भिंतीपाशी सोडतो. धंद्यातली असूया.
परत येताना एक बूट चिखलात रुतला तो रुतलाच. राहू दे. रबर आहे, विरघळेल कधीतरी.

१३ फेब्रुवारी
बायको सरळच म्हणाली, अहो, पाइप आपला आहे. मी म्हटलं, वडिलांनी बसवलेला पाइप आहे, त्याच्यावर आरोप करायचा नाही. ती म्हणाली, ताईने दोन वर्षं जपलेली कलमं गेली. डोळ्यांत पाणी. मलाही वाईट वाटलं. म्हणून लगेच पाटी रंगवायला बसलो: ओढ्यात घाण टाकणाऱ्यावर कडक कारवाई होईल. अक्षर झकास आलं.
ब्रश ओढ्यातच धुतला. दुसरीकडे कुठे धुणार? थोडा निळा रंग वाहत गेला. दिसायला बरा होता.

१८ फेब्रुवारी
ताई दुकानात आल्या. करपलेलं रोप कुंडीसकट काउंटरवर ठेवलं, गिऱ्हाइकांसमोर. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, भाऊजी, एक दिवस मशीन बंद ठेवा, बाकी काही नको.
कबूल केलं. निर्दोष माणसाला कसली भीती?

२० फेब्रुवारी
मशीन बंद. फेस गायब!
पाटीचा परिणाम. चोर टरकला. ताईंना फोन केला, अभिनंदन स्वीकारायला तयार होतो. त्यांनी फोन ठेवून दिला. आनंदात बोलणं सुचत नाही माणसाला.
संध्याकाळी मशीन सुरू केलं. अर्ध्या तासात फेस. चोर निर्लज्ज आहे.

२३ फेब्रुवारी
बायको ताईंकडे गेली. जाताना मशीनचा फ्यूज पर्समध्ये घालून नेला. चादरी अर्ध्या भिजलेल्या, हॉटेलवाला फोनवर फोन करतोय.
गॅरेजवाला आला. मशीनच्या सांडपाण्यासाठी वेगळी टाकी बांधा, खड्डा मी खणून देतो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या डोक्यात होतंच. हो म्हणून टाकलं. त्याचा उत्साह कशाला मोडा?

२४ फेब्रुवारी
बायकोचा निरोप. टाकी होईपर्यंत फ्यूज मिळणार नाही. शिवाय ताईंच्या वाफ्यांतली खराब माती मी स्वतः काढायची. मजूर लावायचा नाही.
जाणार. मोठेपणा दाखवावा लागतो.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
पाठ मोडली.
दिवसभर माती उकरली. वरचा थर चिकट, वास आपल्या पावडरचा. ही पावडर बाजारात खूप खपते, कुणाचीही असू शकते. ताईंनी कुंडीवर कुंडी रिकामी दाखवली. बायको शेजारी बसून उरलेली रोपं वेगळी करत होती. खरं सांगायचं तर त्या रिकाम्या वाफ्यांकडे बघवत नव्हतं. म्हणून आणखी जोरात खणलं.
चार वाजता हातगाडा काठोकाठ भरला. आता माती टाकायची कुठे? कुणाला त्रास नको म्हणून प्रश्न एकट्यानेच सोडवला. ओढा समोरच होता. नेला आणि गाडा उपडा केला.
वळलो तर दोघी बहिणी मागे उभ्या.
बायकोने माझ्या हातातला गाडा काढून घेतला. ताई दिवसभरात एकदाच बोलल्या.
म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही घरी जा.