डब्यावरचं विल्फचं नाव

ओटली, यॉर्कशायर
३ नोव्हेंबर

चि. एलियट,
आशीर्वाद आहेतच, राग त्यांच्या मागून येतोय.

रविवारी सकाळी मी शेगडीतली राख काढायची, तोवर विल्फ कोळशाची बादली भरून आणायचा आणि दारातच बूट झटकायचा. मग मी अंडी, दूध नि मैदा फेटून भांडं झाकून ठेवायची आणि आम्ही प्रार्थनेला जायचो. परत आल्यावर साच्यात चरबी धुरावेपर्यंत तापवायची, त्यात ते बिनसाखरेचं पीठ ओतायचं, आणि पुडिंग फुगेपर्यंत ओव्हनचं दार उघडायचं नाही. यात जगाला सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता तू टीव्हीवरच्या जाहिरातीत गोठवलेल्या पुडिंगचा डबा हातात धरून सांगतोस, की ही माझ्या हेटी मावशीची पुडिंगं, आणि शेवटच्या आजारात विल्फकाका दुसरं काही खातच नव्हते. डब्यावर तुझा चेहरा, खाली आमची दोघांची नावं. आधी विचारायला तुझ्याकडे फोन नव्हता का?

काल शेजारची बेरिल आली होती. तिच्या नवऱ्याला, रॉनला, आता घशाखाली फारसं काही उतरत नाही. माझं नाव वाचून तिने तो डबा आणला. रॉनने एक घास घेतला नि ताट सरकवलं. बेरिल फार सांभाळून विचारत होती, की विल्फला हे खरंच आवडायचं का गं, की माझंच गरम करताना काही चुकलं. ती स्वतःला दोष देत होती, आणि मला मान वर करवेना.

ती नावं काढून टाक.

अजून तुझीच,
हेटी मावशी

---

लंडन
९ नोव्हेंबर

ती. मावशी,
सा. न. वि. वि. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं; बसायची हिंमत झाली नाही.

अगं, जाहिरात आहे ती. तिच्यातलं कोण खरं धरतं? माझे मित्र तर म्हणतात, की तुझी मावशी कंपनीनेच भाड्याने आणली असेल. आणि काकांची गोष्ट खोटी नव्हती, एवढं तरी कबूल कर. या पैशावर माझं हॉटेल उभं आहे, नाहीतर या हिवाळ्यात कुलूपच लागलं असतं. कंपनीला डब्यासाठी तुझा फोटोही हवाय. गुरुवारी माणसं येतील. निळा स्वेटर घाल, आणि कपाळावर आठ्या नकोत. सोबत आल्याचा केक पाठवतोय. मी स्वतः केलाय, शपथ.

लोभ हवा तर कमी कर, बंद करू नकोस.

तुझा,
एलियट

---

ओटली
१८ नोव्हेंबर

चि. एलियट,
आशीर्वाद. केक चांगला होता.

कुणीच खरं धरत नसेल, तर ते तुला पैसे कशाचे देतात? बेरिलने खरं धरलं. आणि तुझे मित्र हसतात, म्हणजे तुझ्या शब्दावरचा विश्वास उडत चाललाय. उद्या खरोखर चांगली वस्तू हातात धरून उभा राहिलास, तर तुझं ऐकणार कोण?

गोष्ट खोटी नव्हती म्हणतोस. जाहिरातीत विल्फच्या ताटात पुडिंगशेजारी भाजलेलं मांस वाढलंय. आपल्याकडे पुडिंग आधी, एकटं, रश्श्याबरोबर, मांस मागून. लंडनला जाऊन हेही विसरलास? विल्फला मांस गिळवत नव्हतं. पण त्या पहिल्या वाढीला तो सगळ्यांसारखाच जेवायचा. पुडिंग संपलं की आज पोट भरलं म्हणायचा, मी त्याचं ताट उचलायची, आणि मांस येईपर्यंत तो खुर्ची खिडकीकडे वळवून पाखरं बघत बसायचा. कुणाला काही बघावं लागत नव्हतं, कुणाला कीव करावी लागत नव्हती. तूही त्या टेबलाशी होतास. त्याचा तेवढा मान आम्ही दोघांनी मिळून राखला होता. तू तो डब्यात भरून विकलास.

गुरुवारी तुझी माणसं आली. पोरगी गोड होती. तिला चहा दिला, फोटो दिला नाही.

हॉटेल बंद पडलं तर इथे निघून ये, तुझी खोली आहे. माझा लोभ तुटत नाही, म्हणून तर एवढं लिहिलं.

तुझी माणसं येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या दुकानात गेले, गोठवलेल्या मालाच्या कपाटापाशी खुर्ची मागून घेतली, आणि दुकान बंद होईपर्यंत, त्या डब्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की हेटी मी, आणि हे माझं नाही.

हेटी मावशी