ओल कुठून येते

१२ सप्टेंबर, गुरुवार

सिटी कौन्सिलला फोन केला. केला एकदाचा!

डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स कधीची मागे लागली होती. छातीचा आजार, जुनं घर, बेताचं पेन्शन — अशा लोकांना घराच्या दुरुस्तीला आणि भिंतींना ऊब धरणारं अस्तर, ते इन्सुलेशन, लावायला मदत मिळते म्हणे. मागच्या जानेवारीत न्यूमोनियाने मी ज्या वॉर्डात आडवी पडले, त्याच वॉर्डात एके काळी मी सिस्टर होते. जुनी एक क्लीनर ओळखून म्हणाली, "सिस्टर अनुराधा, तुम्ही इथे?" मान वर करवेना.

फोनवरच्या मुलीने विचारलं, तुमच्या वतीने कोण बोलणार — मुलगा, मुलगी? म्हटलं, मीच बोलणार. बर्मिंगहॅममध्ये अख्खा वॉर्ड चालवलाय मी!

१५ सप्टेंबर, रविवार

वरदाचा बेसिंगस्टोकहून फोन. नेहमीचंच. "आई, सोड ना ते घर. विकून टाक. माझ्याकडे ये." सांगितलं, कौन्सिलचा माणूस येणार आहे.  मग म्हणाली, "तुला नाही झेपणार. बिल्डर, धूळ, सगळं." पोर इथे जन्मली, इथेच वाढली, मराठी वाकडंतिकडं बोलते, पण आईला काय झेपत नाही ते बरोबर सांगता येतं!

५ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाचा भोंडला. गुडघे दुखत होते तरी फेर धरला. खिरापतीच्या वेळी मंडळातल्या मैत्रिणीने, देवयानीने, बाजूला घेतलं. "अगं, कौन्सिलकडे हात पसरतेस? शशिधर भाऊजी असते तर?"

 हे असते तर खरंच नको म्हणाले असते. दोन स्वेटर चढवून बसले असते, पण कुणाकडे मागितलं नसतं.

पण मी ह्यांच्यासारखी नाही. आयुष्यभर कर भरला. ह्या देशातल्या किती म्हाताऱ्यांना पुसलं, उचललं, शेवटचं पाणी पाजलं. आता माझी छाती वाजतेय, तर हक्काचं तेवढं मागते. देवयानीला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तुझ्यापुढे कोण बोलणार!"

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी जिंकले!

सर्व्हे करणारा आला. गोरा, उंच, सभ्य. मागच्या खोलीतली काळी बुरशी बघितली आणि विचारलं, घरात कपडे वाळवता का? स्वयंपाक खूप करता का? झाकण न ठेवता? खिडक्या उघडता का?

मी ऐकून घेतलं. दोन मिनिटं. मग म्हटलं, "तुम्ही पेशंटला न तपासता निदान करताय. बाहेर चला." बाहेर धो धो पाऊस. "आत्ता?" म्हणाला. म्हटलं, आत्ताच. कोरड्या दिवशी काय दिसणार?

छत्री घेऊन दोघं मागच्या अंगणात. वर बोट दाखवलं. छपराच्या कडेची पन्हळ मधूनच फुटलेली. पाणी सरळ भिंतीवर, विटांच्या सांध्यांतला चुना केव्हाच गेलेला. आत बुरशी बरोबर त्याच जागी! बिचारा चष्मा पुसत बघत राहिला. मग हसला. "माझं चुकलं, मिसेस देवधर. भाजीची वाफ नाही ही."

नाहीच मुळी!

आता आधी पन्हळ आणि भिंत दुरुस्त होणार, मगच आतून इन्सुलेशन. ओल्या भिंतीवर इन्सुलेशनचा बोर्ड ठोकला असता तर आतल्या आत कुजली असती, असं तोच म्हणाला.

आलं घालून चहा दिला. दोन कप प्यायला.

२० नोव्हेंबर, बुधवार

मंजूर!!

८ डिसेंबर, रविवार

घर म्हणजे रणांगण. पुढच्या खोलीत मी, देव, टीव्ही आणि तांदळाचा डबा. बाकी सगळीकडे प्लॅस्टिक. खोकला वाढलाय. काल वाटलं, वरदाचंच खरं. रडूही आलं थोडं. कुणी बघत नव्हतं.

नेमका तेव्हाच तिचा फोन. "ये ना आई. आजच निघ. मी गाडी घेऊन येतो." आवाज कसा तरीच होता. माझाही असेल. म्हटलं, मी मजेत आहे! इथे माझ्यावाचून कामगारांचं पान हलत नाही.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. उठून सगळ्यांसाठी पोहे केले.

९ जानेवारी, गुरुवार

संपलं काम! बाहेर पांढरं धुकं, गाड्यांवर बर्फ. आत मी एका स्वेटरमध्ये. मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावला. कोरडी. गाल लावला. कोरडी! खिडकीवर पाण्याचा थेंब नाही. पहाटेचा खोकला नाही.

ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. म्हटलं, बघा. मागितलं, आणि ताठ मानेने मागितलं.

वरदाला फोन केला. किती बोलले मी! पन्हळ, बोर्ड, नवा रंग, सगळं. ती म्हणाली, "मग तू आता नाहीच येणार?" म्हटलं, कशाला येऊ? राणी आहे मी इथली! "ओके आई. छान झाला." एवढंच. जरा तरी कौतुक करावं की नाही पोरीने!

१८ जानेवारी, शनिवार

संक्रांतीचा तिळगुळाचा कार्यक्रम माझ्याकडे केला. इतक्या वर्षांत थंडीमुळे कधी कुणाला बोलवलं नव्हतं. सगळ्या जणींनी कोट काढून ठेवले — माझ्या घरात! जानेवारीत!

देवयानी सगळ्यात शेवटपर्यंत थांबली. तिळगूळ चघळत, भिंत चाचपत म्हणाली, "अनु, तो कौन्सिलचा नंबर दे गं. आमच्याही बाथरूममध्ये ओल आहे." दिला. बजावलं सुद्धा — पाऊस असेल त्याच दिवशी बोलव त्यांना!

८ फेब्रुवारी, शनिवार

वरदा आली. न कळवता, एकटी, दोन मोठ्या बॅगा घेऊन. नवऱ्याचं, अतुलचं घर सोडलं म्हणाली. तो कधीपासून तिच्याशी धड बोलत नव्हता. बोलला तर ओरडायचाच. मला काहीच माहीत नव्हतं.

म्हटलं, अगं, मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, "सांगत तर होतो, आई. ये, ये, म्हणत होतो. तुझ्या थंडीसाठी नाही. मला तू पाहिजे होता."

आणि मी दर वेळी जिंकल्यासारखी फोन ठेवत होते.