अंबाडीच्या भिंतीवर अननस

बाई, तुमची भिंत झाकली. आधी हेच सांगून टाकतो, कारण मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो की मूळ गोष्ट राहून जाते आणि तुम्हाला ते कधी चालत नसे. "आधी कामाचं बोल, मंग चहा पी," म्हणायच्या. तर कामाचं एवढंच, की पहिलीच्या वर्गाबाहेरची, तुम्ही आपल्या हातानं रंगवलेली अ ते ज्ञची भिंत यंदा शाळा उघडल्यापासून एका फ्लेक्सखाली आहे. फ्लेक्स म्हणजे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला चौकात लागतं ना, ते छापील कापड. तुम्ही होत्या तेव्हा ते आपल्याकडे नुकतं यायला लागलं होतं, आणि तुम्ही त्याच्याकडे पाहून नाक मुरडायच्या. तो फ्लेक्स शाळेतल्याच शिक्षकांनी संगणकावर बनवला. आणि त्यांना तो बनवायला शिकवलं मी.

ती भिंत रंगवली ते दिवस मला काल झाल्यासारखे आठवतात. मी नोकरीला नवाकोरा, वरवट बकालच्या अलीकडे आपली ती दोन खोल्यांची शाळा, तुम्ही मुख्याध्यापिका. दिवाळीच्या सुट्टीत सगळे आपापल्या गावी गेले आणि तुम्ही मला थांबवून घेतलं. आपल्याकडचं पाणी खारं. त्या पाण्यात रंग कालवला तर भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात. म्हणून सातपुड्याकडून दूध घेऊन येणाऱ्याला तुम्ही एक कॅन गोड्या पाण्याची आणायला सांगितलेली. लोक ते पाणी प्यायला जपून ठेवायचे, आणि तुम्ही त्यात रंग कालवत होत्या. मग निळीत भिजवलेली दोरी. एक टोक मी धरायचं, एक तुम्ही, मधे चिमटीत धरून ताणायची आणि सोडायची. फट्! भिंतीवर सरळ निळी रेघ. "रेघ आधी, अक्षर मंग," तुम्ही म्हणता. "घर बांधायच्या आधी कोणी छत टाकते काय?"

मी पहिल्या चौकोनात अ काढला आणि त्याच्या शेजारी खडूनं अननस. चांगला काढला होता, मला स्वतःलाच आवडला होता. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय होय?"

"अननस, बाई."

"पाह्यला काय तू कधी?"

"पुस्तकात पाह्यला."

"खाल्ला?"

"नाही."

"मंग पोरानं इचारलं, सर, हे कसं लागते, तं काय सांगशील? पुस्तकासारखं लागते?"

तुम्ही ओलं फडकं घेतलं आणि माझा अननस पुसून टाकला. तोंडात मारल्यासारखं झालं मला. म्हणालात, "जाय, त्या धुऱ्यावर अंबाडी उभी आहे, एक फांदी घेऊन ये. अन् मालकाले इचारून आण." मी फणफणत शेताच्या बांधावर गेलो. आलो तर तुम्ही फांदी तांब्यात लावून भिंतीपुढे ठेवली, पण खडू काही हातात दिला नाही. शाळेमागच्या तुमच्या खोलीवर नेलंत. चुलीपुढे बसवलंत. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, वरून कच्चं तेल आणि ठेचा. मी रागातच जेवतो आहे, आणि तुम्ही भाकरी थापता थापता विचारता, "कशी लागते?"

"आंबट."

"हं. आता जाऊन काढ. जिभेनं वळखल्याबिगर हातानं काढू नाही."

तो लाल देठ, ती पिवळी फुलं, मधे गडद ठिपका. तेवढं चांगलं चित्र मी पुन्हा काढलं नाही. मग सगळी भिंतच तशी झाली. ब बैलांच्या बंडीचा, क कपाशीचा, ज ज्वारीचा, फ फड्याचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, फणस सोडून झाडू कशाला? तुम्ही म्हणालात, "साहेब, फडा रोज सकाळी पोरांच्या हाती असते. फणस तुम्ही आणून द्या, मी त्याचा बी चौकोन करीन." साहेब हसले आणि शेरा चांगला देऊन गेले. माझी बदली झाली तेव्हा तुम्ही ती निळी दोरी गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. "शर्ट लाल-पिवळे घाल का हिरवे, रेघ सरळ ठेव," माझ्या भडक शर्टाकडे पाहून म्हणालात.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी संगणकाच्या नादी लागलो. शाळेत संगणक आले, त्यांच्यावर भरतकाम केलेले रुमाल पडले आणि कोणी हात लावेना. मला कोणी शिकवलं नाही. शेगावला स्टेशनच्या रस्त्यावर लग्नपत्रिका छापणाऱ्याचं दुकान आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. गणपती कुठे ठेवतो, नावं मोठी कशी करतो, सगळं पाहून पाहून. दुकानदार म्हणायचा, "गुरुजी, तुमच्या घरी लग्न तरी कोणाचं हाय?" एक दिवस त्यानं पडद्यावर मजकूर सरकवला आणि मधोमध येताच एक बारीक रंगीत रेघ आपोआप उमटली. सरळ झालं की रेघ दिसते, वाकडं झालं की जाते. मी उठून उभाच राहिलो. ही तर बाईंची दोरी! त्या दिवशी मला तो संगणकाचा डबा कळला. बाकी काय, मग बटणंच होती.

निवृत्त झालो तरी केंद्राच्या शाळेत शिक्षकांना हे शिकवायला मला बोलावतात. तक्ते, चित्रं, छोटे पाठ, सगळं त्यांनी स्वतः तयार करावं म्हणून. आजकाल अशा शिक्षकांना तंत्रस्नेही म्हणतात, तुम्हाला हसू आलं असतं. या उन्हाळ्यातल्या वर्गाला एक मॅडम होत्या, निवृत्तीला आलेल्या. आता आपल्याच शाळेत पहिलीला शिकवतात, तुमच्याच खुर्चीवर. पहिल्या दिवशी डोळ्यात पाणी आणून म्हणाल्या, "सर, मले नाही जमत. मी सगळ्याले पोळ्या करून घालीन, पण मले या डब्यापासून सोडा." शेजारचा मास्तर म्हणाला, "मॅडम, तो काही चावत नाही." त्यावर त्या, "तुले नाही चावत. मले पाह्यलं का तो आपोआपच बंद पडते." सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या, पण हात मांडीवरच.

मग मी पिशवीतून तुमची दोरी काढली. अजून चार्जरच्या जोडीला तीच असते. फळ्यावर मारून दाखवली, मग पडद्यावरची रेघ दाखवली. मॅडम पुढे वाकल्या. "मंग असं सांगा ना सर! हे तं रांगोळीचे ठिपके होय." आणि हात माऊसवर ठेवला. त्यानंतर त्यांना मागे वळून पाहायला लागलं नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी उठेनात.

आपल्या शाळेचे आताचे मुख्याध्यापक तरुण आहेत, मनानं चांगले. ते म्हणाले, "सर, भिंतीचे लय पोपडे पडून राह्यले, पोरं नखानं काढतात. तुमचा वर्ग चालूच आहे तं सगळ्यांनी मिळून एक फ्लेक्स करा, एकेकानं एकेक अक्षर." मी भिंत पाहून आलो. गोडं पाणी रंगात होतं, पण भिंतीच्या आतला गिलावा खाऱ्या पाण्याचाच ना. बंडीचं एक चाक गेलं होतं. ज्वारीचं कणीस शाबूत, फडा निम्मा. अंबाडीचा देठ, एक फूल आणि दोन पानं. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जातो-येतो, खिशात फोन, गावोगावच्या शिक्षकांना फोटो कसा घ्यावा ते शिकवत हिंडतो, आणि ती भिंत धड होती तेव्हा तिचा एक फोटो मी घेतला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. आता घेतला, पण तो पोपड्यांचा.

तरी मी खूश होतो, बाई. वाटलं, भिंत जाईल पण तीच भिंत पुन्हा उभी करू. वर्गात म्हणालोही, "आपल्या गावात दिसते तेच घ्या बरं." पण उन्हाळ्यात अंबाडी कुठली? ती हंगामाचीच. संगणकावरच्या चित्रांच्या तयार भांडारात अंबाडी लिहिलं तर काहीच येत नाही. बंडी लिहिलं तर परदेशातली घोडागाडी येते. अ साठी शोधलं की अननस, एक सोडून ढीगभर, गॉगल लावलेला अननससुद्धा. मी म्हटलं, स्वतः फोटो काढा, मागचा भाग पुसा, असं करा. ते कसं पुसायचं हे शिकवण्यातच दिवस गेला. फ्लेक्सवाल्याला फाइल संध्याकाळपर्यंत हवी होती.

दुपारी मॅडमनी हाक मारली. "सर, पाहा ना!" त्यांच्या वाट्याला अ आला होता. पडद्यावर मोठा अ, बरोबर मधोमध, समास सारखा, आणि शेजारी अननस. त्यामागचा नको तो भाग त्यांनी एकटीनं पुसला होता, एक काटाही न कापता. मी म्हणालो, "मॅडम... अननस?" त्या म्हणाल्या, "गोंडस आहे ना? अन् कोणाले एक शब्द इचारला नाही मी, सर." तोवर त्यांनी त्याचा फोटो पुण्याला लेकीला धाडला होता. लगेच फोन आला. वर्गभर ऐकू गेलं, "आई, हे तू केलं?" आणि मॅडम, पदर सावरत, "हाव वं, म्याच केलं. मंग का तुह्या बापानं?"

बाई, माझ्या हातात ओलं फडकं होतं असं समजा. पुसायला हात उचलला नाही. मी म्हणालो, "लय छान." आणि त्यांचं पाहून बाकीच्यांनीही तयार चित्रं उचलली. फ फणसाचा, ज जहाजाचा. संध्याकाळी फाइल गेली.

तेव्हापासून मनात घोळतं ते हे, की मॅडमचं पहिलं काम पुसायला नको होतं, हे मला पटलेलं आहे. पण तुम्ही माझा अननस पुसला त्याआधी काही दिवस, आणि नंतर कितीतरी दिवस, मला जेवू घालत होत्या. मी या शिक्षकांना पहिल्या दिवशी भिंतीपुढे नेऊन उभं करायला हवं होतं. फड्याची गोष्ट सांगायला हवी होती. ती सांगितली असती तर मॅडमनी स्वतःच अंबाडीची वाळलेली बोंडं शोधून आणली असती, इतक्या त्या हुशार. तुमच्याकडून मिळालेलं मी निम्मंच पुढे दिलं. दोरी दिली, अंबाडी माझ्याकडेच राहिली.

शाळा उघडली तेव्हा फ्लेक्स लावायला मलाच बोलावलं. पहिलीची पोरं भोवती. मॅडमनी अननसावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" मला वाटलं, आता कोणीतरी विचारणार, कसं लागते. तर एक चिमुरडी ओरडली, "केकवालं!" वाढदिवसाचा केक आता आपल्या गावातही येतो, बाई, आणि तो या चवीचा असतो. सगळ्यांनी खाल्लेला. तुमच्या नियमानं पाहिलं तर मॅडम पास. मग मी कापड बाजूला करून भिंतीवरची तीच दोन पानं, एक फूल दाखवून विचारलं, "अन् हे?" कोणी मेथी म्हणालं, कोणी कपाशी. धुऱ्यापर्यंत सोयाबीन आलं, त्यात अंबाडी कोण पेरतो. तुम्ही असत्या तर काय केलं असतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळेना. कदाचित तुम्ही म्हटलं असतं, पोराची जीभ बदलली तं भिंत बदल. कदाचित चूल पेटवली असती. विचारायला तुम्ही नाहीत, आणि होत्या तेव्हा मी असलं काही विचारलं नाही, जे सांगितलं ते फक्त केलं.

फ्लेक्स चांगला दिसतो, खोटं कशाला बोलू. रेघा सरळ आहेत. मॅडम येता-जाता त्याच्यावरची धूळ पदरानं पुसतात.

हा कागद टपालात टाकायचा नाही, दोरीच्या गुंडाळीत राहील. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते मी मुख्याध्यापकांनाही सांगितलेलं नाही. फ्लेक्सच्या वरच्या दोऱ्या मी घट्ट बांधल्या. खालच्या मुद्दाम सैल ठेवल्या. वारा आला की कापड उचलतं, आणि पोरं तर वाऱ्याचीही वाट पाहत नाहीत, वाकून आत डोकावतात. मुख्याध्यापक मला विचारत होते, "सर, ह्या दोऱ्या घडीघडी काऊन सुटतात?" मी म्हणालो, हवा लय आहे. परवा ती केकवाली पोरगी फ्लेक्सखालून डोकं काढून म्हणाली, "सर, ते लाल देठाचं कसं लागते?" मी सांगितलं, आंबट. ती म्हणाली, "मले आणून द्या." हो म्हणालो आहे, बाई. बी अजून मिळालं नाही.