पहिला घड

१२ जून
ओट्यावरून पडलो. ओटा तो केवढा, कोंबडीसुद्धा सहज उतरते! तरी मनगट मोडलं. रक्तातली साखर मोजली, ती ठीक होती. म्हणजे तिच्यावरही ढकलता येत नाही. बाप असून आबा हसले, "ओटावरून पडीसन हात मोडना! माले वाटनं ताडवर चढेल व्हता."

१४ जून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणापासून साखर असलेल्यांची हाडं पुढे ठिसूळ होऊ शकतात. मी सातव्या वर्षापासून इन्शुलिन टोचतोय, आता बत्तिसावं चालू. हाडांच्या तपासणीला सुरतला जा म्हणाल्या. भाविकाने लगेच माझं नाव ठेवलं—कपबशी! बायको आहे की वैरीण?

२७ जून
रिपोर्ट आला. हाडं वयाच्या मानाने बरीच विरळ, ड जीवनसत्त्वही कमी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन वगैरे उचलता का?" मी तोंड उघडायच्या आत आई, मोठ्या अभिमानाने—"नही बाई! आम्ही त्याले घागर बी उचलू दिन्ही नही."
"तिथंच चुकलं, मावशी. हाडांना काम लागतं."
आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. बिचारीने पंचवीस वर्षं मला जपलं ते असं.
खरं सांगायचं तर भीती वाटते. आज मनगट, उद्या मांडीचं हाड गेलं तर?

१९ ऑगस्ट
प्लास्टर निघून बरेच दिवस झाले. पाण्याच्या बाटल्या उचलतो. आई दाराआड लपून बघते. पदर दिसतो!

५ नोव्हेंबर
पुढच्या आठवड्यात केळीची कटाई. आमच्याकडे पहिला घड घरच्या माणसाने खांद्यावरून बांधावर आणायचा, मगच मजूर हात लावतात. दरवर्षी आबाच आणतात. मी आपला वजनकाट्याजवळ उभा, म्हणून मजूर मला 'साहेब' म्हणतात. मेले हसतात वर!
यंदा मी म्हटलं, मी आणतो. लहान घडाला डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे. आई जेवली नाही.
आबा तिला म्हणाले, "आनू दे ना वं. पडना तं वेफर करू!"
"घड पडना तं वेफर. पोऱ्या पडना तं?"


९ नोव्हेंबर
आई अजून बोलत नाही. भाजीत मीठही नाही. भाविका म्हणते, कपबशी, निमूट गिळ.

११ नोव्हेंबर
घड खांद्यावर घेणार तोच "थांब!" करत आई केळीतून धावत आली आणि पाटाच्या चिखलात घसरली. घोटा मोडला, पाय टेकवेना. आबा गाडी काढायला पळाले. मी तिला उचललं आणि बांधापर्यंत आणलं. दोन घडांएवढी तरी भरेल!
"खाले ठेव माले! तुन्हं हाड मोडी जाई!"—वाटभर ओरडत होती. आणि दोन्ही हातांनी माझी मान गच्च धरून होती.