काकासाहेब हयात असल्याबाबत

औरंगाबाद,
रविवार, १४ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप काकासाहेबांच्या पायाशी,

वच्छलाचा डोकं टेकवून नमस्कार. लहानानं मोठ्याला चिरंजीव लिहायचं नसतं, नाहीतर या खेपेला मी तुमच्या नावाआधी तेच लिहिलं असतं. मी इथं खुशाल आहे. तुम्ही खुशाल आहात का, हे विचारायची गरज नाही, कारण गेले आठ दिवस मीच ते सगळ्या कॉलेजला सांगत फिरतेय. तरी रीत म्हणून विचारते. गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला? बकरी? (बकरीचं विचारायला कारण आहे, ते पुढं येईल.)

तुमचा निरोप पोचला. "सामान बांध, सोमवारी बावीस तारखेला घरी ये, फोटोबिटो लई झाले," हे बन्सीदादानं हॉस्टेलच्या फाटकात उभं राहून थेट तुमच्या आवाजात सांगितलं. (दादा तुमची नक्कल फार झकास करतो. तुम्हाला ठाऊक नसलं तर आता झालं.) तुमचा राग रास्त आहे. जित्या माणसाच्या दारात अकरा माणसं तोंडाला उपरणं लावून आली, तर कोणाला बरं वाटंल? पण शिक्षेच्या आधी जबाब घ्यायचा, हे तुमच्याकडूनच शिकलेय. शाळेत छडी उगारून तुम्ही आधी विचारायचात, "बोल, तुझं काय म्हणणं?" आणि सगळं नीट ऐकून घेऊन मग मारायचात. तर हे माझं म्हणणं. छडीचं तुम्ही बघा.

पहिली गोष्ट, मी इथं उंडारत नाही. या फोटोग्राफीच्या वर्गात आम्ही चौदा जण आणि कॅमेरे तीन. शिकवायला हबीब सर आहेत, त्यांचा उस्मानपुऱ्यात स्टुडिओ आहे. पहिला महिनाभर त्यांनी कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही, नुसतं डोळे मिटून रोल गुंडाळायला लावला. पुढं कॅमेरा हातात आला तेव्हा मी पहिल्याच रोलच्या मध्यात मागचं झाकण उघडून बघितलं, फोटो नीट येतायत का म्हणून. (भाजी शिजली का बघत नाही का आपण?) अख्खा रोल काळा झाला. सर नुसतं "या अल्ला" म्हणून खुर्चीत बसले. दुसरा कॅमेरा दोन डोळ्यांचा निघाला. वरच्या डोळ्यानं बघायचं, खालच्या डोळ्यानं फोटो निघतो. तो पोटाशी धरून वरून आत वाकून पाहायचा असतो आणि काचेत उजवं ते डावं दिसतं. मी एका बाईंना काचेच्या मध्यात आणायला म्हणून सरकत सरकत गेले ती थेट कॉलेजच्या हौदात. कॅमेरा मात्र डोक्यावर धरला होता, हे त्याच बाईंनी नंतर सरांना सांगितलं. तेव्हापासून सर मला जरा मानतात.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला एकच काम होतं, घरच्या कोणा एका माणसाचा फोटो, पण त्या माणसानं फोटोसाठी बसलेलं नसावं. मी तुमचा काढला. तुम्हाला न सांगता काढला, हा गुन्हा मला कबूल. पण सांगून तुम्ही बसला असता का? बन्सीदादाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. घरचा सगळ्यांचा मिळून फोटो एकच निघाला, त्यात ऐन वेळेला माझे बद्रीनाथमामा पैठणचा नवा फेटा दाखवायला पुढं सरकले, आणि नवऱ्या मुलाच्या बापाची नुसती टोपी आली. टोपीही अर्धीच. तेव्हापासून तुम्ही कॅमेऱ्यापुढं उभे राहिला नाहीत आणि मामांशी बोलला नाहीत. मामाही हट्टी, अकरा वर्षं आपल्या बिडकीनला उतरले नाहीत. ते पैठणहून शहरात येतात तेव्हा आई बिडकीनच्या स्टँडवर येऊन येष्टीच्या खिडकीतून त्यांच्या हातात माझा डबा देते, ते खिडकीतूनच तिची खुशाली विचारतात, आणि कंडक्टर बेल मारतो. हे सगळं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही माहीत नसल्यासारखं करता, हे आम्हाला माहीत आहे.

तर तुमचा तो फोटो सरांना पसंत पडला. त्यांनी तो चांगला दोन हात मोठा करून फ्रेममध्ये बसवला. सहा तारखेला कॉलेजच्या हॉलमध्ये आमच्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला नानासाहेब म्हणून एक मोठे पाहुणे यायचे होते. पाहुणा आला की आधी सरस्वतीच्या तसबिरीला हार, मग दिवा, मग भाषण. पण तसबीर होती कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते गेलेले लग्नाला. पाहुण्यांची गाडी फाटकात आली. आमचा शिपाई सांडूभाऊ, मोठा हुशार माणूस, त्यानं हॉलमध्ये नजर फिरवली आणि सगळ्यांत मोठी फ्रेम उचलून दिव्यापाशी स्टुलावर ठेवली. (नंतर म्हणाला, एवढा मोठा फोटो आणि वर टोपी, मला वाटलं संस्थेचंच कोणी असंल.) मी मागं उभी राहून बघत होते. नानासाहेबांनी तुम्हाला झेंडूचा हार घातला, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. भाषणात म्हणाले की या महापुरुषाच्या निर्मळ हास्यातून तरुणांनी स्फूर्ती घ्यावी. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. (हास्य कशामुळं निर्मळ होतं, ते शेवटी सांगते.)

नेमके त्याच वेळी बद्रीनाथमामा डबा घेऊन दारात आले. डोळे तपासायला आले होते, डॉक्टरनं औषध घातलेलं, समोरचं सगळं धूसर. फ्रेमखाली माझं नाव आणि "विद्यार्थिनीचे काम" अशी चिठ्ठी होती, ती त्यांना कुठून दिसणार? त्यांना दिसले तुम्ही, हार, उदबत्ती, आणि गप उभी राहिलेली दीडशे माणसं. मी गर्दीतून वाट काढून दारापाशी पोचेपर्यंत मामा गेले होते. माझा डबाही तसाच परत गेला. (त्यातले धपाटे शेवटी तुम्हीच खाल्ले असं कळतं. बरं झालं.)

पुढचं तुमच्या दारातच घडलं, तरी मामांनी परवा मला कॉलेजच्या पायरीवर बसून सांगितलं ते लिहिते, कारण ते तुम्हाला स्वतः सांगायचे नाहीत. येष्टीत ते लहान पोरासारखे रडले. शेजारच्यानं विचारलं कोण गेलं, तर म्हणाले, माझे दाजी गेले. त्या बसमधली निम्मी माणसं पैठणची, म्हणून दुसऱ्या दिवशी अकरा जण तुमच्या दारात आले. त्यात माझा हात नाही आणि खरं तर मामांचाही नाही. मामा मात्र त्याच दिवशी बिडकीनला उतरले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. दार तुम्हीच उघडलंत, हातात चहाची बशी घेऊन. मामा उंबऱ्यातच बसले. आणि तुम्ही म्हणालात, "मेलो नाय मी. आत ये, पैठणची येष्टी गेली आता." मामा म्हणतात, एवढ्या वर्षांनी दाजी माझ्याशी बोलले आणि बोलले ते हे. सांगताना हसत होते, पण डोळे पुसत होते. मी म्हटलं, औषधामुळं असंल. ते म्हणाले, व्हय, औषधच.

आता माझी अडचण. पुण्याला जानेवारीत कॉलेजांचं मोठं प्रदर्शन आहे आणि आमच्याकडून एकच फोटो जाणार आहे. तो तुमचा, म्हणजे माझा. तो गेला तर परीक्षा झाल्यावर हबीब सर मला स्टुडिओत कामाला घेणार आहेत. उस्मानपुऱ्यातल्या स्टुडिओत आजवर एकही मुलगी कॅमेऱ्यामागं उभी राहिलेली नाही, बायाबापड्या फोटोला येतात आणि परक्या पुरुषापुढं लाकडासारख्या बसतात. सर म्हणतात, तू असलीस तर त्या श्वास तरी घेतील. काकासाहेब, मला हे काम पायजे. दुसऱ्या कशासाठी मी तुमच्याकडं एवढा हट्ट केला नाही आणि करणार नाही. मला ते जमतं, आणि ते करताना मला वेळेचं भान राहत नाही.

पण आमच्या ऑफिसातल्या आप्पासाहेबांनी पुण्याच्या यादीत तुमचं नाव टाइप केलंय, "कै. काकासाहेब". मी म्हटलं, साहेब, ते जिते आहेत. ते म्हणाले, हार घातलेला मी स्वतः डोळ्यांनी बघितला. म्हटलं, रोज सकाळी मळ्यापर्यंत जाऊन येतात. म्हणाले, लेखी काय आहे? तीन दिवस मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. शेवटी त्यांना माझी दया आली आणि म्हणाले, पोरी, त्यांच्या सहीचा कागद आण, "कै." खोडतो.

तुम्हाला दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं, तेव्हा कसला संताप येतो हे मला ठाऊक आहे. मी तुमच्यापुढं उभा आहे, आणखी काय दाखला पायजे, असं तुम्ही दरवर्षी त्या ऑफिसात म्हणता आणि घरी येऊन आम्हाला परत म्हणून दाखवता. म्हणून मागायला जीभ रेटत नाही. तेव्हा मागत नाही. जबाब इथं संपला. काकूंना आणि आई-आबांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची आज्ञाधारक (हसू नका),
वच्छला

ता. क. मागत नाही म्हटलं, तरी सोबत एक कागद जोडलाय. त्यावर "मी हयात आहे व माझा फोटो पुण्यास पाठविण्यास माझी हरकत नाही" असं आधीच लिहून ठेवलंय, खाली नुसती सही पायजे. चोवीस तारखेच्या आत. कागद बकरीपासून लांब ठेवा.

ता. क. २. फोटो कोणता, हे तुम्ही आता विचाराल. सांगते, पण बसून वाचा. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी बकरीनं तुमच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म अर्धा खाल्ला, ते आठवतं? तुम्ही उरलेला अर्धा हातात धरून, ही मला मेलेलाच धरती, म्हणून ओसरीवर पोट धरून हसत होतात. समोर मी पोटाशी डबा धरून वाकले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय गं, तांदूळ निवडतीस का?" ते तांदूळ नव्हते. आणि तुमची कवळी तेव्हा खिडकीतल्या वाटीत होती. नानासाहेबांना ते हास्य एवढं निर्मळ का वाटलं, हे आता तुमच्या ध्यानात आलं असंल. शिव्या देऊन झाल्या की पुढं वाचा. मी मामांना विचारलं, डोळ्यांत औषध होतं, चिठ्ठी दिसली नाही, मग दाजी कसे दिसले? म्हणाले, अकरा वर्षांखाली आमच्या ओट्यावर बसून दाजी असंच हसायचे. तवा दात होते, म्हणाले, पण हसू हेच.

ता. क. ३. तुमचा निरोप मी मोडलेला नाही. सामान बांधलंय. सोमवारी कशाला, रविवारीच येते, नऊच्या येष्टीनं. सामानात कॅमेरा आहे आणि दोन रोल. मामाही येणार आहेत, आणि ते उतरणार आहेत. ते म्हणाले, बन्सीच्या लग्नाचा फोटो परत काढू, दाजींना मधी बसव. या खेपेला मी मागं उभा राहतो. माझी टोपी दिसली तरी बास, अर्धी दिसली तरी बास.