गोड पाणी

१२ मार्च, बुधवार

मलकापूर. सकाळी दोन तास प्रथम वर्षाचं प्रॅक्टिकल घेतलं. एकाही पोराला व्हर्नियर धड वाचता येत नाही, आणि चेहरे असे की व्हर्नियरचीच चूक. बारानंतर लॅब. काल काचेवर फवारलेली फिल्म, म्हणजे गॅस ओळखणारा पातळ थर, मीटरला लावली. प्रतिसादाचा परत तोच आकडा. नोव्हेंबरपर्यंत जे मिळत होतं त्याच्या तिपटीहून जास्त. डिसेंबरपासून प्रत्येक फिल्म अशीच येते आहे. टिन ऑक्साइड तेच, तांब्याचं प्रमाण तेच, भट्टी तीच, बाई तीच. सडक्या अंड्याच्या वासाचा तो गॅस जरासा सोडला की रेझिस्टन्स धाडकन खाली.

सरांना (गाइड, अमरावती) फोन केला. म्हणाले, हात बसला तुमचा, याच महिन्यात पेपर पाठवून टाकू. एक्केचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या बाईचा हात बसला म्हणे. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१६ मार्च, रविवार

पिं. राजा, माहेरी. दादाला दोन डब्या दिल्या. प्लास्टिकचा डबा, आत माझी फिल्म, छोटा हीटर, बॅटरी, बाहेर दोन दिवे. गॅस नसला तर हिरवा, असला तर लाल. दोरीला बांधून विहिरीत सोडायची, दहा मिनिटं थांबायचं, मग माणूस उतरवायचा.

दादाचा धंदाच तो. यारी, म्हणजे विहिरीच्या काठावरचं दोर ओढायचं इंजिन, लावून विहिरींतला गाळ काढतो, उन्हाळाभर चार माणसं खाली-वर. तीन वर्षांपूर्वी त्याचा एक माणूस खाली बेशुद्ध पडला. वर काढला, वाचला, पण अजून बोलताना शब्द शोधत बसतो. माझा विषय तिथून निघाला. सरांना हे कधी सांगितलं नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत असलं काही बसत नाही.

वहिनीनं अंडं घरात येऊ दिलं नाही, म्हणून अंगणात, दुधाच्या कॅनमध्ये चाचणी. आठवडाभर उन्हात ठेवलेलं अंडं फोडलं, डबी आत सोडली. लाल. आळीतली माणसं नाक धरून हसत होती. कोणीतरी व्हिडिओ काढला. दादाची छाती फुगली होती, माझीही.

"आता कंदील सोडाचं काम सरलं," म्हणाला. त्याला समजावलं की डबीला एकच गॅस कळतो, दुसऱ्या गॅसनं कंदील विझतो, दोन्ही सोड. मान हलवली.

२४ मार्च, सोमवार

फिल्मचा एक्स-रे रिपोर्ट आला. टिन ऑक्साइडच्या सगळ्या रेघा जागच्या जागी. त्यांच्या मधे एक बारीक रेघ, जिचं तिथे काही काम नाही. तांब्याची नाही, काचेची नाही. जुन्या, नोव्हेंबरच्या फिल्मचा आलेख काढून शेजारी धरला. त्यात ती रेघ नाही.

सर म्हणाले, नॉइज आहे, आलेख गुळगुळीत करून टाका. केला. गुळगुळीत केल्यावर रेघ गेली.

२९ मार्च, शनिवार

अमरावती. सरांच्या लॅबमध्ये माझ्या हातानं सहा फिल्म फवारल्या. पावडर मलकापूरहून नेलेली, फवारणीची नळीसुद्धा माझीच. सहाही मंद. नोव्हेंबरसारख्या.

सर म्हणाले, परक्या भट्टीवर असं होतं. त्यांची एक विद्यार्थिनी माझ्याकडे बघून हळूच दुसरीकडे बघू लागली. मला तिचा राग आला. मग कळलं की राग तिचा नाही. मलकापुरात असं काय आहे जे अमरावतीत नाही? येताना गाडीत हेच चाललं होतं डोक्यात. शेगाव कधी गेलं कळलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

कळलं.

फवारणीचं द्रावण ज्यात करते त्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन रिकामा होता. मी केमिस्ट्रीकडे निघाले, त्यांच्याकडे पाणी गाळायचं यंत्र आहे. जिन्यात निर्मलाताई भेटल्या, आमच्या लॅबच्या नव्या परिचर. कडेवर पाच लिटरचा कॅन, पदर भिजलेला. केमिस्ट्रीवाल्यांनी आज लवकर दिलं वाटतं, म्हटलं. त्या म्हणाल्या, केमिस्ट्रीतून कशाला, मारुतीच्या देवळामागच्या विहिरीचं आहे, रोज तिथूनच आणते.

कॅन मी त्यांच्याकडून घेतला.

रामदासकाका वीस वर्षं या लॅबमध्ये परिचर होते. डिस्टिल्ड वॉटरला आम्ही दोघं 'गोड पाणी' म्हणायचो. हा खारपाणपट्टा, कॉलेजच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून ती आमची गंमत. काका नोव्हेंबरअखेर रिटायर झाले. डिसेंबरात नि.ताई आल्या, आणि पहिल्याच दिवशी मी घाईत सांगितलं, कॅनमध्ये गोड पाणीच भरत जा, दुसरं चालणार नाही.

"मॅडम, तुम्हीच तं सांगलं गोडच पाहिजे. बोरचं खारं हाये, थे म्या कधीच नाही भरलं. एक दिवस नाही."

त्यांचं माहेर पूर्णाकाठचं, याच खाऱ्या पट्ट्यातलं. लहानपणी दोन कोस चालून गोडं पाणी आणलेलं. त्यांच्यासाठी गोड म्हणजे पिता येतं ते. मॅडमच्या कामाला चांगलं पाणी लागतं म्हणून चार महिने रोज उन्हातून वाहून आणलं, स्वतःच्या घरीसुद्धा ते नेलं नाही. त्यांना काय बोलणार होते मी? चहा पाजला. चहा त्याच पाण्याचा होता, चांगला झाला.

४ एप्रिल, शुक्रवार

केमिस्ट्रीतून सिल्व्हर नायट्रेट आणलं. देवळामागच्या पाण्यात दोन थेंब. दह्यासारखं पांढरं, म्हणजे पाण्यात मीठ. ती बारीक रेघ मिठाची. माझा चार महिन्यांचा शोध म्हणजे मीठ.

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. उलट खूश. म्हणाले, मग मीठच शोध आहे, शीर्षकात सोडियम घालू, कुठल्या विहिरीचं ते लिहायची गरज नाही. मीही ऐकून घेतलं. फिल्म चालतात, हे तर खरंच आहे. वाईट पाण्यानं वाईट व्हायला हवं होतं, चांगलं झालं, तर बिघडलं कुठे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं. विहिरीत बारा महिने पावसाळा. एक फिल्म काचेच्या बरणीत ओल्या कापसाशेजारी ठेवली आहे. सरांना सांगितलेलं नाही. दादालाही नाही. आधी बघू तर.

१३ एप्रिल, रविवार

कॉलेज बंद, चावी मागून गेले. बरणीतली फिल्म काढून डबीत बसवली, वर गॅस सोडला. हिरवा. आणखी सोडला. हिरवा. इतका सोडला की मला बाहेर पळावं लागलं, आणि दारातून पाहिलं तरी हिरवाच.

डबी चालू केल्या क्षणीचा रेझिस्टन्स धरते आणि तो पडला तरच लाल लावते. मिठानं ओल ओढून तो आधीच तळाला गेलेला. आणखी काय पडणार? नवी असताना डबी खरं बोलते. दहा-बारा दिवस विहिरीत वर-खाली झाली की कायम हिरवा.

नऊ दिवस मी दादाला फोन केला नाही. 'आधी बघू' असं लिहिलं आहे वर. बघायचं नव्हतं. पेपर हवा होता, आणि तो परवाच सरांनी पाठवला.

आज केला. दादा आनंदात. डबी फर्स्टक्लास चालून राह्यली, रोज हिरवा, काम भराभर उरकून राह्यलं. कंदील? तो कधीच बंद केला म्हणे, पोरं हसतात. मी ओरडले. एवढ्या वर्षांत त्याच्यावर ओरडल्याचं आठवत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. सकाळच्या बसनं पिं. राजा. अंगणात तोच कॅन, नवं सडलेलं अंडं. दादा, वहिनी, यारीवरचे चौघं उभे. डबी सोडली. वास सगळ्यांच्या नाकात, वहिनीनं पदर लावला. दिवा हिरवा.

दादा खाली बसला. महिनाभरात किती विहिरी झाल्या, मी विचारलं. त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. ते चौघं एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकजण त्या विहिरींत उतरलेला होता.

"शुभे, तुह्या भरोशावर पोरं खाली सोडली म्या," एवढंच म्हणाला. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं.

मग दुसरी डबी मागितली. ती त्याच्याकडे नाही. सुलतानपूरच्या गजाननला दिली, त्याचीही यारी आहे, दोस्त आहे. वीसेक दिवस झाले.

१६ एप्रिल, बुधवार

रजा टाकून सुलतानपूर. मेहकरपर्यंत बस, पुढे दादाची मोटरसायकल. गजानन भला माणूस, पाणी दिलं, सावलीत बसवलं. डबी त्यानं त्याच्या एका ओळखीच्याला दिली. त्यानं पुढे गजाननच्याच साडूला. साडू यारी घेऊन गावोगाव फिरतो, आज इथे, उद्या तिथे. फोन लावला, बंद.

वरून हे की गजाननच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ आहे. अंडं, लाल दिवा, मी हसते आहे. खाली कोणीतरी लिहिलंय, आपल्या जिल्ह्याच्या मॅडमची डबी, शंभर टक्के. त्याच्याकडे तो तीन ग्रुपवरून आलेला. डबी कुठे मिळेल म्हणून लोक त्यालाही विचारतात.

माझा नंबर लिहून दिला. साडू सापडला की सांगा, डबी खराब आहे, उतरण्याआधी मला फोन करा, कुठेही असाल, आधी फोन. गजानन म्हणाला, सांगतो. मेहकरच्या स्टँडवर परत आणून सोडताना दादा म्हणाला, जेवून घेजो.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. पेपर मागे घ्यावा असं जर्नलला कळवलं. कारण लिहिताना तीन वेळा खोडलं. शेवटी साधं लिहिलं, पाणी डिस्टिल्ड नव्हतं, फिल्म ओलीत काम करत नाही. सरांना प्रत. तासाभरात फोन: मला विचारलं नाही, दोघांचं नाव आहे, आता तुमचं रजिस्ट्रेशन मी कसं पुढे नेऊ. त्यांच्या जागी ते बरोबरच. मी सॉरी म्हटलं आणि दोन डब्या बाहेर दिल्या होत्या हे सांगितलं. मग त्यांनी विचारलं, डब्यांवर डिपार्टमेंटचं नाव छापलेलं आहे का.

नाही, म्हटलं. आणि एक परत आली आहे. बाहेर एकच.

नि.ताईंना कोणीतरी कॉलेजात सांगितलंय की त्यांच्यामुळे झालं. काल येऊन दारात उभ्या राहिल्या, आत येईनात. मी सांगितलं, चूक शब्दाची आहे आणि शब्द माझा होता. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. घरी जाऊन रडल्या असतील. मला त्यांच्याइतकं वाईट वाटतंय का, खरंच माहीत नाही. मला भीती वाटते आहे, ते वेगळं.

व्हिडिओखाली उत्तर टाकलं की डबी वापरू नका. ज्या ग्रुपमध्ये मी आहे तिथे. बाकीच्यांत कशी पोचणार.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळपासून ऊन मरणाचं. ११.४० ला तृतीय वर्षाचा तास चालू असताना फोन. अनोळखी नंबर. वर्गातून बाहेर आले.

गजाननचा तो साडू. आवाज तुटत होता, वारा, मागे यारीचं इंजिन. म्हणाला, गजाननभाऊनं सांगलं, उतराच्या आधी मॅडमले फोन लावजा, म्हून लावला. निरोप तेवढाच पोचलेला. डबी दहा मिनिटं खाली ठेवली, हिरवा हाये.

"मंग उतरू ना मॅडम?"

मी म्हणाले, उतरू नका. तो म्हणाला, काय? मी परत म्हणाले, उतरू नका, डबी खराब आहे. मधे खर्रर्र. मग तो म्हणाला, "हाव, हाव," म्हणजे हो, हो, आणि फोन कट.

गाव कुठलं ते विचारायचं राहिलं. सांगितलं असलं तर ऐकू आलं नाही.

लगेच लावला. रेंजच्या बाहेर. गजाननला लावला, तो त्याच्या बायकोला विचारतो म्हणाला, ती बहिणीला विचारून सांगेल. दादा पिं. राजाहून निघाला आहे, लोणारकडे जातो म्हणाला, तिथून बघू. तालुक्यात विहिरी किती, हे त्यालाही माहीत आहे.

१२.१५. गजाननचा फोन. साडूची बायको म्हणते, सकाळी तीन माणसं घेऊन गेले, वावराचं नाव सांगितलं नाही.

१२.५०. रेंजच्या बाहेर.

लॅबमध्ये बसले आहे. नि.ताई समोर स्टुलावर, त्यांना सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा तेच आठवते आहे, मी काय म्हणाले ते, जसंच्या तसं. 'उतरू' आधी येतं. 'नका' नंतर येतं. खर्रर्र झालं ते नक्की कुठे झालं?

नि.ताईंना विचारलं, तुम्ही त्याच्या जागी असता तर कोणत्या शब्दाला 'हाव' म्हणाला असता, 'उतरू'ला की 'नका'ला. त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, मॅडम, आमी तं मोठ्या माणसानं काहीबी सांगलं तरी हावच म्हनतो.

१.२०. लावते आहे.