मोंब्रेची पाटी

४ मार्च

सायकलही बंद! गाडी बंद केली ती केली, आता म्हणे सायकलही नाही. डॉक्टरीणबाईंनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की क्षणभर वाटलं, काहीतरी चांगलीच बातमी आहे. उजवा डोळा मधोमध गेलाय, डावा त्याच वाटेवर. कडेकडेने दिसतं ते दिसत राहील म्हणाल्या. समोर मात्र कुणीतरी अंगठा टेकवून ठेवल्यासारखा डाग. जिकडे बघावं तिकडे नेमका तिथेच.

माझी बायको, मारीझ, बाहेर बाकावर बसली होती. तिला माझा चेहरा वाचता येतो, म्हणून आधी दाराशीच थांबून उगाच नाक शिंकरलं. "काय म्हणाल्या?" — "आहे तसंच आहे." सायकलचं बोललो नाही. बोलणारही नाही! तिला कळेल त्या दिवशी सायकल कोठारात कुलपात जाईल आणि किल्ली तिच्या खिशात. मग मी काय करायचं दिवसभर? खिडकीत बसायचं?

५ मार्च

नॉर्बेरलाही कळता कामा नये, माझ्या सायकलच्या जोडीदाराला. त्याच्या पोटात काही राहत नाही असं नाही, पण तो सरळ माणूस आहे. त्याला कळलं तर "गिलेन, पुरे आता" म्हणेल आणि माझ्याबरोबर यायचंच बंद करेल. एकट्याने त्या नदीच्या बांधावरून जायची माझी छाती नाही. लिहून टाकलं एकदाचं. छाती नाही!

८ मार्च

द्राक्षाच्या वेलींची छाटणी आटोपत आली. ओळीच्या शेवटी पोचलो की पुन्हा मागे जाऊन तीच वेल चाचपतो. कोंब फुटायचे दोन डोळे ठेवून काडी कापायची, ते बोटांना अजून नीट कळतं. मारीझ म्हणाली, "अरे, किती वेळा तेच तेच? वेल पळून जाणार आहे का?" पाय शिवशिवतात. नुसते शिवशिवतात. उद्या सकाळी नॉर्बेर येईल तोवर धीर नाही.

९ मार्च

गेलो! नदीच्या बांधावरून शेजारच्या मोंब्रे गावापर्यंत, येताना मळ्यांमधून. गेली कित्येक वर्षं हीच वाट. नॉर्बेर पुढे, मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. चाक मला कडेने दिसतं. चाक आहे तिथे रस्ता आहे, एवढं मला पुरतं.

पण या माणसाने माझं डोकं उठवलं आज! पूर्वी हा वाईनची पिंपं बनवायचा तेव्हा दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन लाकडाशी. गेल्या द्राक्षतोडणीआधी दनीज गेली, त्याची बायको, आणि तेव्हापासून तोंडाची टकळी थांबत नाही. "हे बघ, दुफूरबाईंनी कुंपण निळं रंगवलं! अरे देवा, इथे केवढा खड्डा पाडून ठेवलाय, डाव्या बाजूला! बगळा बघ रे, बगळा! समोरून ट्रॅक्टर येतोय, कोण आहे, त्यांचा धाकटाच दिसतोय." एवढंसं गाव, आणि हा त्याचा रेडिओ!

ऐकून घेतो. एकटा पडलाय बिचारा. घरी भिंतींशी बोलत असेल. निदान माझ्यामुळे त्याचं मन तरी मोकळं होतं.

१२ मार्च

नॉर्बेरने नवा अंगरखा घेतलाय, सायकलवर घालायचा. नारिंगी! असा नारिंगी की डोळे गेलेल्यालाही दिसावा. "भोपळा झालायस म्हाताऱ्या," मी म्हटलं. "दनीजने बघितला असता तर घरात घेतलं नसतं तुला." तो हसला. जास्तच हसला जरा. बायकोचं नाव काढायला नको होतं.

१७ मार्च

पाऊस. दिवसभर घरात. चार वेळा जिना चढलो-उतरलो. मारीझ म्हणाली, "बस रे बाबा एका जागी, मलाच चक्कर येतेय." बसलो. उठलो.

२१ मार्च

मोंब्रेला सबीनच्या कॅफेत पोरांची गडबड. तरण्या शेतकऱ्यांचा संप चालू आहे, गावोगावच्या पाट्या उलट्या करून लावतायत म्हणे. सगळा देशच उलटा चाललाय, मग पाट्या सरळ कशाला! मला आवडलं. आमच्या वेळी आम्ही नुसतं द्राक्षाच्या चोथ्याचा ढिगारा सरकारी कचेरीपुढे ओतला होता. वास महिनाभर गेला नव्हता.

नॉर्बेर म्हणाला, "आपली मोंब्रेची पाटी शाबूत आहे. तुझी माझी शर्यत असते तिच्यापाशी, कुणाची हिंमत आहे!"

हो, ती शर्यत. बांध उतरून गावाकडे वळलं की शेवटच्या टप्प्यात जीव खाऊन सायकल पळवायची. ज्याचं चाक आधी पाटीपार, तो जिंकला. हरणाऱ्याने कॉफी पाजायची. पोरवयापासून चाललंय. यंदा मी एकदाही पळवली नाही. गुडघ्याचं निमित्त सांगतो. आणि कॉफीचे पैसे रोज तोच देतो. चीड येते! मी काय म्हातारा झालो?

२७ मार्च

भांडलो. आज फार भांडलो.

वारा समोरून होता. मी म्हटलं, आता मी पुढे होतो, तुला दम लागलाय. "नको नको, मला मजा येतेय." परत थोड्या वेळाने तेच. जो नेहमी मागे राहून दुसऱ्याच्या आडोशाने फुकट जातो त्याला आमच्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, वहीलाही लाज वाटेल. आणि वर याची टकळी. "उजवीकडे वाळू आहे. कुंपणावर मांजर बसलंय. पुढे रस्ता अरुंद होतोय." शेवटी ओरडलोच. "एकदा तरी गप्प बस ना नॉर्बेर! मला डोळे नाहीत का?"

गप्प बसला. एकदम. पुढची सगळी वाट नुसता साखळीचा आवाज.

मळ्याच्या उतारावर कुणीतरी तारांची गुंडाळी रस्त्याच्या कडेला टाकून ठेवली होती. नॉर्बेर वळला असेल. मला कळलं तेव्हा मी गवतात होतो आणि सायकल माझ्या अंगावर. कोपर सोलून निघालं. तो धावत आला, सायकल माझ्या अंगावरून उचलली. "चुकलं माझं, चुकलं," एवढंच म्हणत होता. त्याचं काय चुकलं?

घरी मारीझ चिडून म्हणाली, "काय झालं? खरं सांग!" मी तोंड उघडायच्या आत नॉर्बेर म्हणाला, "कुत्रं आडवं आलं, मारीझ. फार मोठं कुत्रं."

कुत्रं नव्हतंच! चिटपाखरू नव्हतं रस्त्यावर. पण मी कशाला बोलू? वय झालं त्याचंही, भास होत असतील.

२८ मार्च

कोपर ठणकतंय. मारीझ विचारते, कुत्रं कुणाचं? म्हटलं, परक्या गावचं.

३ एप्रिल

नॉर्बेर आला नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. माझं बोलणं लागलं असणार त्याला. बायको गेलेल्या माणसाला गप्प बस म्हणालो मी! आपला तो एवढा एक मित्र. आणि तो नाही आला तर माझी सायकल तशीच कोठारात, हेही मनात येतं. आधी कुठलं येतं ते लिहीत नाही.

४ एप्रिल

फोन केला. "उद्या येतोयस ना?" मग म्हणाला, "येतो. पण मी बोलणार हं, गिलेन. मला बोलल्याशिवाय सायकल चालवता येत नाही आता." — "बोल बाबा, बोल. हवं तेवढं बोल."

५ एप्रिल

टकळी सुरू! गाडीवाला, खड्डा, बगळा, दुफूरबाईंचं कुंपण. सगळं ऐकलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

११ एप्रिल

वाईनच्या बाटल्यांची बुचं घेऊन येणारा माणूस दुपारी उगवला. सकाळपासून वाट बघतोय आम्ही! म्हणतो काय, मोंब्रेहून उजवीकडे वळायचं होतं, पण मोंब्रे लागलंच नाही, सरळ पुढे गेलो. मोंब्रे लागलं नाही! अख्खं गाव आहे, चर्च आहे, भलीमोठी पाटी आहे रस्त्यात. "डोळे उघडे ठेवून गाडी चालवावी," मी त्याला सुनावलं. मारीझने माझ्याकडे बघितलं असेल. मला दिसलं नाही.

१४ एप्रिल

पहाटे दंव गोठेल म्हणतात, वेली जळतील. कोंबांना नुकती पालवी फुटतेय. झोप नाही, बसवत नाही, उद्या जायचंय की नाही तेही ठरत नाही.

१५ एप्रिल

दंव गोठलं नाही. वेली वाचल्या!

आणि मी जिंकलो! मोंब्रेला!

ऊन होतं, वारा पाठीवर होता, आणि अंगात काय आलं कुणास ठाऊक. बांध उतरल्यावर रस्ता आधी खडबडीत लागतो, मग गुळगुळीत होतो, मग अक्रोडाची सावली गार गार अंगावरून जाते. तिथून पाटीपर्यंत मी डोळे बांधूनही जाईन, इतक्या वेळा गेलोय. सावली अंगावरून गेली तशी गिअर टाकला आणि उभा राहून निघालो. नॉर्बेर ओरडला, "अरे! अरे लबाडा!" आणि आला मागून. त्याचा श्वास माझ्या कानाशी. भोपळा शेजारी आला, मागे पडला, परत आला. मी खाली मान घालून मारतोय पॅडल, मारतोय, आणि पाटी गेली! हात वर केले दोन्ही. या वयात! पडलो असतो.

"अर्ध्या चाकाने," नॉर्बेर धापा टाकत म्हणाला. "फक्त अर्ध्या चाकाने मारलंस, मेल्या. पाटीच्या खांबाला घासून गेलास की जवळजवळ!" शिव्या देत होता, पाठीवर थापा मारत होता. कॉफी त्याने पाजली, आणि या वेळी मी ती हक्काने प्यायलो. सबीनला मोठ्याने सांगितलं, पाटीपाशी हरवलं याला! ती आत निघून गेली. गिऱ्हाईकं असतील.

डॉक्टरीणबाईंना काय कळतंय! ज्याला दिसत नाही तो पाटीची शर्यत जिंकतो का?

१६ एप्रिल

अजून त्याच नशेत आहे. मारीझला तीनदा सांगून झालं.

१९ एप्रिल

नॉर्बेर बाहेर सायकली लावत होता. मी एकटाच आत गेलो. सबीन कप पुसत हळू आवाजात म्हणाली, "काका, एकदाची उद्या नवी पाटी बसवतायत गावाची. संपवाल्या पोरांनी जुनी खांबासकट उपटून नेली त्याला महिना होईल. सगळे गाडीवाले पुढे निघून जातात बघा."

मी खुर्ची चाचपून बसलो.

नॉर्बेर आत आला. माझ्याशेजारी बसला आणि त्याची टकळी सुरू झाली. "ऊन काय पडलंय रे बाहेर. नदी अशी चमकतेय! पलीकडच्या काठाला कुणीतरी होडी उलटी घालून रंगवतंय, हिरवी."

"आणखी काय दिसतंय?" मी विचारलं. "सांग ना."